ब्लॉकचेनची स्वैच्छिक मानके : स्वेच्छा कोणाची?

१. प्रस्तावना

सोलापुरातील सात रस्ता परिसरात जून-जुलैच्या सुमारास छायाप्रती काढून देणाऱ्या आणि ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या दुकानांपुढे विद्यार्थी-पालकांची गर्दी असते. प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची पिशवी आणि तीत जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचे प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका. यातील दोन कागदांवर नाव अगदी एकसारखे असेल, याची खात्री मात्र नसते. सोलापूर हे मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू अशा चार भाषांचे शहर आहे. विणकर कुटुंबातील तेलुगू आडनाव घरी एका उच्चाराने, शाळेच्या दाखल्यावर मराठी वळणाने आणि बँकेच्या पुस्तकावर रोमन लिपीत तिसऱ्याच रीतीने लिहिले जाते. एका लिपीतून दुसऱ्या लिपीत जाताना एखादे अक्षर गळते, एखादे वाढते. आज ही चूक अर्ज, प्रतिज्ञापत्र किंवा राजपत्रातील प्रसिद्धी यांच्या आधारे दुरुस्त करता येते. त्यासाठी खेटे घालावे लागतात, परंतु वाट मोकळी असते.

हीच प्रमाणपत्रे 'ब्लॉकचेन' नावाच्या नोंदवहीत जाऊ लागली आहेत आणि एकदा केलेली नोंद बदलता येत नाही हाच या नोंदवहीचा सर्वांत मोठा गुण म्हणून सांगितला जातो. अशा वेळी ती नोंद कशी करावी, कोणी करावी आणि चुकल्यास काय करावे, हे ठरविणाऱ्या मानकांकडे लक्ष देणे अगत्याचे ठरते. ही मानके आज बहुतांशी 'स्वैच्छिक' आहेत. प्रस्तुत लेखात या मानकांच्या स्वरूपाची चिकित्सा केली आहे. मानके स्वैच्छिक असण्यास या लेखाचा विरोध नाही. मात्र ही स्वेच्छा आज यंत्रणा उभारणाऱ्याच्या वाट्याला आली असून, ज्याची नोंद होते त्याच्या वाट्याला ती आलेली नाही, असे लेखकाचे प्रतिपादन आहे.

२. मानक, नियम आणि त्यांमधील वाट

जागतिक व्यापार संघटनेच्या १९९५ पासून अमलात आलेल्या 'व्यापारातील तांत्रिक अडथळे' या विषयावरील करारात 'मानक' आणि 'तांत्रिक नियम' असा स्पष्ट भेद केलेला आहे. ज्याचे पालन बंधनकारक नाही ते मानक आणि ज्याचे पालन बंधनकारक आहे तो तांत्रिक नियम. आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरो जी मानके प्रसिद्ध करते त्यांपैकी बहुसंख्य मानके याच अर्थाने स्वैच्छिक असतात. केंद्र शासनाने आदेश काढला, म्हणजे त्यांपैकी एखादे सक्तीचे होते. २०१६ च्या भारतीय मानक ब्यूरो अधिनियमात तशी तरतूद आहे.

कागदावर हा भेद स्पष्ट असला, तरी व्यवहारात तो तितकासा टिकत नाही. वरील करारच असे सांगतो की, देशांनी तांत्रिक नियम करताना उपलब्ध आंतरराष्ट्रीय मानकांचा आधार घ्यावा. शासकीय निविदेत एखाद्या मानकाचा उल्लेख झाला, की पुरवठादारांसाठी ते सक्तीचेच होते. म्हणजे आज ज्या दस्तऐवजाला 'ऐच्छिक' म्हणून फारसे कोणी वाचत नाही, तोच उद्याच्या नियमाचा मसुदा असतो. मानक घडत असतानाच त्याची चिकित्सा करावी लागते, ती या कारणाने. नियम झाल्यावर केलेली चिकित्सा ही बहुधा तक्रार ठरते.

३. आतापर्यंतची वाटचाल

बिटकॉइनची संकल्पना मांडणारा निबंध २००८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि २००९ च्या जानेवारीत त्याचे जाळे सुरू झाले. त्या काळात मानक म्हणजे चालती आज्ञावली, एवढाच अर्थ होता. पुढे इथेरियम या व्यवस्थेत २०१५ मध्ये 'ईआरसी-२०' हा प्रस्ताव मांडला गेला. कोणत्याही शासनाने किंवा मानक संस्थेने सांगितले नसताना हजारो विकसकांनी तो स्वीकारला. स्वैच्छिक मानकाचे सामर्थ्य काय असते याचे हे उत्तम उदाहरण होय. त्याची मर्यादाही येथेच दिसते. चलनचिन्हे स्वीकारण्याची सोय नसलेल्या पत्त्यावर ती पाठविली गेल्यास कायमची अडकून पडतात, ही उणीव लौकरच लक्षात आली. परंतु मानक एवढे पसरले होते, की मुळातून ते बदलणे अवघड झाले. सुधारित प्रस्ताव आले, तरी जुने मानक वापरात राहिले. चुकीच्या मानकाला राजमान्यता लागत नाही, सवय पुरते.

औपचारिक प्रयत्नांना २०१६ मध्ये प्रारंभ झाला. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने (आयएसओ) त्या वर्षी ब्लॉकचेन आणि वितरित नोंदवही तंत्रज्ञानासाठी ३०७ क्रमांकाची तांत्रिक समिती स्थापन केली. तिचे सचिवालय ऑस्ट्रेलियाच्या मानक संस्थेकडे आहे. या समितीचे 'आयएसओ २२७३९' हे परिभाषाविषयक मानक २०२० मध्ये आले व २०२४ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली. संदर्भ-रचनेविषयीचे 'आयएसओ २३२५७' आणि व्यवस्थापनाविषयी मार्गदर्शन करणारे 'आयएसओ २३६३५' हे दोन्ही दस्तऐवज २०२२ चे आहेत. दुसऱ्या बाजूला, वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमने पडताळणीयोग्य डिजिटल प्रमाणपत्रांसाठीची आपली शिफारस २०१९ मध्ये प्रसिद्ध केली. तिची दुसरी मोठी आवृत्ती २०२५ मध्ये आली. ही संस्था आपल्या अंतिम दस्तऐवजालाही 'शिफारस' हाच शब्द वापरते, हे लक्षणीय आहे.

भारतात इलेक्ट्रॉनिकी आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने २०२१ मध्ये ब्लॉकचेनविषयीचे राष्ट्रीय धोरण प्रसिद्ध केले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये 'विश्वस्य' या नावाच्या तंत्रसंचासह राष्ट्रीय ब्लॉकचेन आराखड्याचा प्रारंभ केला. महाराष्ट्र या बाबतीत मागे नव्हता. २०२१ मध्ये राज्याच्या कौशल्य विकास मंडळाने पदविका प्रमाणपत्रांच्या पडताळणीसाठी इथेरियमचा आधार घेतला. २०२२ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली उपविभागात सुमारे ६५ हजार जातप्रमाणपत्रे पॉलिगॉन या ब्लॉकचेनवर नोंदविण्याचा उपक्रम हाती घेण्यात आला. बनावट प्रमाणपत्रांना आळा घालणे हा त्याचा हेतू होता आणि तो रास्तच म्हटला पाहिजे. खऱ्या लाभार्थ्याची जागा बनावट कागदाच्या आधारे हिरावून घेतली जाते, तेव्हा होणारा अन्याय लहान नसतो.

येथे एक तुलना आवश्यक आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने डिजिटल स्वाक्षरीला कायदेशीर मान्यता दिलेली आहे आणि २०१५ पासून डिजिलॉकरही उपलब्ध आहे. कागदात फेरफार झाला की नाही, एवढेच तपासावयाचे असेल तर डिजिटल स्वाक्षरी पुरेशी आहे. ब्लॉकचेनमुळे अधिक काय मिळते? प्रमाणपत्र देणाऱ्या कार्यालयाचा संगणक बंद पडला तरी नोंद शिल्लक राहते आणि खुद्द त्या कार्यालयालाही मागील तारखेने गुपचूप नोंद घालता येत नाही. हा लाभ खरा आहे, पण मर्यादित आहे. तो स्वीकारताना आपण काय गमावतो, याचा हिशेब मानकांनी मांडावयास हवा.

४. 'अपरिवर्तनीयता' : गुण की अडचण?

आयएसओच्या परिभाषेत अपरिवर्तनीयता म्हणजे नोंदवहीत एकदा जोडलेली नोंद बदलता किंवा काढून टाकता न येणे. व्याख्या म्हणून यात दोष नाही. दोष निर्माण होतो तो या तांत्रिक गुणधर्माला 'सत्या'चा समानार्थी मानल्यामुळे. नोंद बदलली नाही एवढेच ब्लॉकचेन सांगू शकते. नोंद मुळात खरी होती की नाही, हे तिला ठाऊक नसते.

सोलापुरी चादरीचे उदाहरण घेता येईल. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल यांना २००५-०६ मध्ये भौगोलिक निर्देशनाची नोंदणी मिळाली. उद्या प्रत्येक चादरीवर एक संकेतचिन्ह छापून तिचा प्रवास ब्लॉकचेनवर नोंदविण्याचे ठरले, तर गिऱ्हाइकाला मोबाइलवर 'विणकाम : सोलापूर' अशी न पुसणारी नोंद दिसेल. परंतु ते लेबल दुसऱ्या गावी विणलेल्या चादरीला शिवले गेले, तर साखळीला त्याचा पत्ता लागणार नाही. मागाजवळ उभे राहून ही चादर येथेच विणली गेली असे सांगणारा जबाबदार माणूस नसेल, तर अपरिवर्तनीय नोंद म्हणजे अपरिवर्तनीय खोटेपणा ठरू शकतो. तंत्रज्ञानातील दुवे जितके भक्कम, तितका पहिल्या दुव्यावरील भार अधिक. आणि नेमका हाच दुवा मानकांमध्ये सर्वांत दुबळा आहे. दुव्यांची रचना, संज्ञा, भूमिका यांविषयी विस्ताराने लिहिले जाते, पण पहिल्या नोंदीच्या खरेपणाचा प्रश्न 'व्यवस्थापन' या मोघम शीर्षकाखाली सोपवून दिला जातो.

शिवाय ही अपरिवर्तनीयता निरपेक्षही नाही. २०१६ च्या जूनमध्ये इथेरियमवरील 'द डीएओ' या निधीतून आज्ञावलीतील त्रुटीचा फायदा घेऊन सुमारे ३६ लाख इथर काढून घेण्यात आले. त्यावर उपाय म्हणून २० जुलै २०१६ रोजी बहुसंख्य सहभागींनी व्यवस्थेचे नियमच बदलले आणि ती रक्कम परत मिळविली. ज्यांना हे मान्य नव्हते त्यांनी जुनी साखळी 'इथेरियम क्लासिक' या नावाने चालू ठेवली. याचा अर्थ असा की, सामर्थ्यवान समूहाचे मोठे नुकसान झाले तेव्हा दुरुस्तीची वाट निघाली. एटापल्लीतील एखाद्या विद्यार्थिनीच्या नावातील काना चुकला, तर तिच्यासाठी कोणी साखळी दुभंगणार नाही. तिच्यासाठी दुरुस्तीची वाट मानकातच लिहून ठेवावी लागेल.

जातप्रमाणपत्राच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गंभीर आहे. महाराष्ट्रात सन २००१ चा अधिनियम क्रमांक २३ याअन्वये सक्षम प्राधिकारी जातप्रमाणपत्र देतो आणि पडताळणी समिती त्याची वैधता तपासते. खोटे आढळल्यास प्रमाणपत्र रद्द व जप्त करण्याचा अधिकार समितीस आहे. म्हणजे 'दिलेले प्रमाणपत्र' आणि 'वैध प्रमाणपत्र' या कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साखळीवरील हिरवी खूण त्यांपैकी पहिलीच सांगते. पाहणारा अधिकारी मात्र ती दुसरी समजण्याची शक्यता असते. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमच्या शिफारशीत प्रमाणपत्राची सद्यःस्थिती दर्शविण्याची सोय आहे, ही गोष्ट मान्य केली पाहिजे. तथापि तीही ऐच्छिक आहे. प्रमाणपत्र देणाऱ्याने ती वापरली नाही, तरी प्रमाणपत्र त्या मानकास धरूनच राहते.

या संदर्भात आपल्या महसुली परंपरेतील फेरफार नोंदीकडे पाहणे उद्बोधक ठरेल. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० नुसार तलाठी (ज्यांना २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी असे पदनाम आहे) नोंद घेतो, हितसंबंधितांना नोटीस देतो, हरकत आल्यास ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत लिहितो आणि त्यानंतरच वरिष्ठ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. कलम १५५ मध्ये लेखनप्रमादाच्या दुरुस्तीची तरतूद आहे. कलम १५७ तर या सर्वांचे सार सांगते : प्रमाणित नोंद ही विरुद्ध सिद्ध होईपर्यंत किंवा तिच्या जागी कायदेशीररीत्या नवी नोंद येईपर्यंत खरी मानली जाईल. या व्यवस्थेतील दिरंगाई आणि गैरव्यवहार यांचे अनुभव शेतकऱ्यांना चांगलेच ठाऊक आहेत आणि ते झाकण्याचे कारण नाही. परंतु तत्त्व म्हणून पाहता, 'विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी' हे सूत्र 'कायमची अपरिवर्तनीय' या सूत्रापेक्षा अधिक प्रगल्भ आहे. त्यात नोंदीला स्थैर्य आहे आणि माणसाला दाद आहे. जुना फेरफार पुसला जात नाही, नवा फेरफार त्याच्या पुढे लिहिला जातो. ब्लॉकचेनलाही तांत्रिकदृष्ट्या हेच करता येते. उणीव तंत्राची नाही, तसे करणे हे मानकाने अनिवार्य न मानण्याची आहे.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये व्यक्तीला आपली माहिती दुरुस्त करून घेण्याचा आणि काही परिस्थितीत पुसून घेण्याचा हक्क दिलेला आहे. हा कायदा टप्प्याटप्प्याने अमलात येत असताना न पुसणारी नोंदवही आणि पुसण्याचा हक्क यांचा मेळ कसा घालावयाचा, हा केवळ तात्त्विक प्रश्न राहिलेला नाही. वैयक्तिक माहिती साखळीबाहेर ठेवून साखळीवर फक्त तिची 'हॅश' ही गणिती खूण ठेवावी, हा त्यावरील प्रचलित उपाय आहे. हा उपाय योग्य असला, तरी त्यातून पुढचा प्रश्न निर्माण होतो.

५. अक्षरांचा प्रश्न

हॅश म्हणजे मजकुरापासून ठरावीक गणिती पद्धतीने काढलेली, ठरावीक लांबीची खूण. मजकुरात तसूभर बदल झाला तरी ती पूर्णपणे बदलते. तिचे सारे सामर्थ्य यात आहे. परंतु संगणकाला 'मजकूर' म्हणजे डोळ्यांना दिसणारे अक्षर नव्हे. त्या अक्षराचे यूनिकोडमधील क्रमांक म्हणजे त्याच्यासाठी मजकूर. मराठीच्या बाबतीत येथेच खाचखळगे आहेत.

'कुऱ्हाडे' हे आडनाव घेऊ. यातील अर्धा 'ऱ' दोन प्रकारे टंकलिखित होऊ शकतो. एका पद्धतीत 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर आणि त्यापुढे हलन्त, तर दुसऱ्या पद्धतीत साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारा शून्य रुंदीचा जोडक. पडद्यावर आणि कागदावर दोन्ही आडनावे तंतोतंत सारखी दिसतात. हॅश मात्र पूर्णतः भिन्न येते. ज्याला साधी आज्ञावली चालविता येते अशा कोणाही विद्यार्थ्याला हा प्रयोग पाच मिनिटांत करून पाहता येईल. यूनिकोडने अक्षरांच्या सामान्यीकरणाचे नियम दिले आहेत. त्यांमुळे 'ऱ' हे एक अक्षर आणि 'र' अधिक नुक्ता ही जोडी एकरूप होते. परंतु वर सांगितलेल्या अर्ध्या 'ऱ'च्या दोन पद्धती त्या नियमांनीही एकरूप होत नाहीत. यात देवनागरी व रोमन अंक, दिनांक लिहिण्याच्या निरनिराळ्या रीती, अनुस्वार आणि परसवर्ण यांचे पर्याय मिळविले, म्हणजे प्रश्नाची व्याप्ती ध्यानात येईल. तेलुगू किंवा उर्दू वळणाची नावे देवनागरीत लिहिणाऱ्या सोलापूरसारख्या शहरात तर ती अधिकच वाढते.

आंतरराष्ट्रीय मानके याबाबत काय म्हणतात? प्रमाणपत्राची माहिती हॅश काढण्यापूर्वी एका निश्चित रूपात आणण्यासाठी इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजमालेत 'आरएफसी ८७८५' हा २०२० चा दस्तऐवज आहे. त्यात मजकूर जसाच्या तसा ठेवावा, त्यातील यूनिकोड अक्षरांमध्ये बदल करू नये, असे सांगितले आहे. यामागील विचार समंजस आहे. सर्व लिपींचे सामान्यीकरण करण्याची जबाबदारी एका दस्तऐवजाने घेणे कठीण आहे. पण त्याचा परिणाम असा होतो की, जबाबदारी खालच्या पातळीवर, म्हणजे प्रत्यक्ष आज्ञावली लिहिणाऱ्यावर येते. रोमन लिपीतील साध्या नावांना ती जाणवतही नाही. मराठी नावाच्या बाबतीत मात्र ती पार न पाडल्यास खरे प्रमाणपत्र 'जुळत नाही' असे ठरण्याचा धोका आहे. एका कार्यालयाने एका पद्धतीने टंकलेखन केले आणि दुसऱ्या कार्यालयाने तीच माहिती दुसऱ्या पद्धतीने भरून पडताळणी केली, तर यंत्राच्या लेखी ती दोन माणसे होतात. मग खिडकीपलीकडून 'तुमचे प्रमाणपत्र खोटे दिसते' असे ऐकावे लागते ते विद्यार्थ्याला. दोष अक्षरसंकेताचा, शिक्षा माणसाला.

हे उदाहरण किरकोळ वाटू नये. मानक घडविणाऱ्यांमध्ये मराठी लिहिणारा कोणी नसेल, तर हा प्रश्न कोणी दुष्टपणाने टाळतो असे नव्हे, तो कोणाला सुचतच नाही. जागतिक व्यापार संघटनेच्या संबंधित समितीने २००० मध्ये आंतरराष्ट्रीय मानकनिर्मितीची सहा तत्त्वे स्वीकारली : पारदर्शकता, खुलेपणा, निःपक्षपात व सहमती, परिणामकारकता व प्रासंगिकता, सुसंगती आणि विकासाचा आयाम. यांपैकी प्रासंगिकता या एकाच तत्त्वाची कसोटी लावली, तरी ब्लॉकचेनच्या मानकांची आजची स्थिती समाधानकारक म्हणता येत नाही.

६. सक्तीचे दोन अनुभव

वरील विवेचनावरून कोणी असा निष्कर्ष काढील की, मग मानके सक्तीचीच करावीत. आपल्या देशातील दोन अनुभव याबाबत मार्गदर्शक आहेत.

पहिला अनुभव दूरसंचार क्षेत्रातील आहे. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने जुलै २०१८ मध्ये व्यापारी संदेशांविषयीचे विनियम जारी केले आणि नको असलेल्या संदेशांना आळा घालण्यासाठी वितरित नोंदवही तंत्रज्ञान अनिवार्य केले. संदेश पाठविणाऱ्या प्रत्येक संस्थेने आपले नाव, शीर्षक आणि संदेशाचा साचा नोंदविणे आवश्यक ठरले. मार्च २०२१ मध्ये साच्यांची काटेकोर तपासणी प्रत्यक्ष सुरू झाली, तेव्हा नोंदणी अपुरी असलेले संदेश अडले आणि बँकांचे परवलीचे एकवेळचे अंकही अनेक ग्राहकांपर्यंत पोहोचेनात. प्राधिकरणाला ती तपासणी सात दिवसांसाठी स्थगित करावी लागली. तंत्र अपुरे नव्हते. ज्यांनी नोंदी करावयाच्या त्यांची तयारी झालेली नव्हती. शहरातील मोठी बँक आणि पेठेतील लहान पतसंस्था यांना एकच मुदत लावली, तर हे व्हावयाचेच.

दुसरा अनुभव सोन्याच्या हॉलमार्कचा. भारतीय मानक ब्यूरोने २००० मध्ये ही योजना स्वैच्छिक म्हणून सुरू केली. एकवीस वर्षांच्या अनुभवानंतर, जून २०२१ पासून ती टप्प्याटप्प्याने, काही जिल्ह्यांपासून प्रारंभ करून, बंधनकारक झाली. सराफांच्या तक्रारी तेव्हाही होत्या. परंतु तोवर कस तपासणारी केंद्रे उभी राहिली होती आणि ग्राहकाला खुणेचा अर्थ कळू लागला होता. येथील क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. आधी कस, मग खूण. शुद्धतेची परीक्षा झाल्याशिवाय दागिन्यावर शिक्का उठत नाही. ब्लॉकचेनच्या बाबतीत शिक्का अत्यंत प्रगत आहे, कस तपासण्याचे केंद्र मात्र अजून उभे राहावयाचे आहे.

यावरून असे म्हणता येईल की, स्वैच्छिक टप्पा हा दुबळेपणा नव्हे, ती शिकण्याची मुदत असते. मात्र त्या मुदतीत शिकणाऱ्यांमध्ये नोंदवणारा आणि नोंदला जाणारा असे दोघेही असावे लागतात. सराफाला हॉलमार्क नाकारता येत होता तसा ग्राहकालाही बिगर-हॉलमार्क दागिना नाकारता येत होता. प्रमाणपत्राच्या बाबतीत विद्यार्थ्याला असा कोणता नकार उपलब्ध आहे? कार्यालयाने ब्लॉकचेन स्वीकारली की विद्यार्थ्याला ती स्वीकारावीच लागते. म्हणून येथे 'स्वैच्छिक' हे विशेषण अर्धेच खरे आहे.

७. काही सूचना

या चिकित्सेच्या आधारे, मराठीतील प्रमाणपत्रांसाठी जे काही स्वैच्छिक मानक भविष्यात तयार होईल, त्यात पुढील पाच गोष्टींचा समावेश असावा, असे सुचवावेसे वाटते.

एक, नोंद कायम होण्यापूर्वी संबंधित व्यक्तीला ती तिच्या भाषेत दाखवावी आणि हरकतीसाठी मुदत द्यावी. फेरफाराच्या नोटिशीचे तत्त्व येथे जसेच्या तसे लागू पडते.

दोन, दुरुस्तीची नोंद ही मूळ नोंदीइतकीच सहज पडताळता यावी आणि पडताळणी करणाऱ्याला नेहमी सर्वांत अलीकडची स्थितीच दिसावी. 'दिले', 'वैध ठरले', 'रद्द झाले' या तीन अवस्था वेगवेगळ्या शब्दांत दाखविल्या जाव्यात.

तीन, देवनागरी मजकुराच्या टंकलेखनाची एकच पद्धत निश्चित करून हॅश काढण्यापूर्वी मजकूर त्या रूपात आणणे आवश्यक मानावे. अर्धा 'ऱ', नुक्ता, अंक आणि दिनांक यांचे नियम उदाहरणांसह द्यावेत.

चार, प्रत्येक पहिल्या नोंदीस जबाबदार असलेले पद स्पष्ट असावे. यंत्रणेने नोंद केली, हे उत्तर ग्राह्य धरू नये.

पाच, केवळ ब्लॉकचेनवरील खूण जुळली नाही या कारणास्तव कोणाचाही प्रवेश, शिष्यवृत्ती किंवा नोकरी नाकारली जाऊ नये. अशा वेळी मूळ कागदाची जुन्या पद्धतीने पडताळणी करण्याचा मार्ग खुला राहावा.

हे काम मुंबई-दिल्लीतच व्हावे असे नाही. भारतीय मानक ब्यूरो आपल्या मानकांचे मसुदे अभिप्रायांसाठी खुले ठेवते, तसेच शाळा-महाविद्यालयांतून मानक क्लबही चालविते. महाविद्यालयांतील मराठी, संगणकशास्त्र, वाणिज्य आणि विधी या विभागांनी एकत्र बसून एखाद्या मसुद्यावर अभिप्राय पाठविणे सहज शक्य आहे. मराठी विभागाचे यात काय काम, असा प्रश्न येथवर वाचलेल्या वाचकास पडू नये. आंतरविद्याशाखीय अभ्यासाची चर्चा आपण परिसंवादांतून पुष्कळ करतो, तिला प्रत्यक्ष विषय मिळण्याची ही संधी आहे.

८. समारोप

ब्लॉकचेन तंत्रज्ञानाच्या मानकांनी गेल्या दशकात परिभाषा स्थिर केली, रचनेचे आराखडे दिले आणि निरनिराळ्या यंत्रणांना परस्परांशी बोलण्याची भाषा दिली. हे कार्य मोलाचे आहे. परंतु त्यांचा भर साखळीच्या भक्कमपणावर राहिला. साखळीच्या एका टोकाला नोंद करणारा लिपिक आणि दुसऱ्या टोकाला दाखला घेऊन उभा असलेला माणूस, ही दोन्ही टोके त्यांच्या कक्षेबाहेर राहिली. अपरिवर्तनीयतेला सत्य समजण्याची चूक, दुरुस्तीची वाट ऐच्छिक ठेवण्याची चूक आणि लिपीचा प्रश्न खालच्या पातळीवर ढकलण्याची चूक, या तिन्हींचे मूळ येथे आहे.

स्वैच्छिक मानक स्वीकारण्याचे किंवा नाकारण्याचे स्वातंत्र्य ज्याला आहे, त्याच्याच सोयीने ते घडत जाते. हे स्वातंत्र्य आज सात रस्त्यावर अर्ज भरण्यासाठी उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला नाही. त्याच्या वतीने बोलण्याची वेळ मानक तयार होत असतानाची आहे. त्याच्या आडनावातील अर्धे अक्षर कसे लिहावे आणि ते चुकल्यास कोणी, किती दिवसांत सुधारावे, एवढ्या दोन प्रश्नांची उत्तरे ज्या मानकात सापडतील, त्यालाच आपल्या भागापुरते तरी पूर्ण मानक म्हणता येईल.